सांत्वनाला एक ओळ पुरत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सकाळी मोबाईल उघडला की 'आजचे वचन' आलेले असते. मागे सूर्योदय नाहीतर गुलाब, पुढे बायबलमधली एक ओळ. ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर, लग्नपत्रिकांवर अशा ओळी पूर्वीपासून असतात; आता इतर धर्मांचे वाचकही त्या आपुलकीने पुढे पाठवतात. हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या घरात मोठे आजारपण आहे, ज्याची नोकरी गेली आहे, ज्याने कालच आपल्या माणसाला मूठमाती दिली आहे, त्याला ती ओळ पुष्कळदा टोचते. ती जिथून उचलली तिथे तिच्या मागेपुढे जे दुःख लिहिलेले होते, ते वाटेत गळून गेलेले असते. आणि खरा धीर त्या मागच्यापुढच्या मजकुरातच असतो. म्हणून रोजच्या वाचनाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

खूप पाठवले जाणारे एक वचन घ्या: यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाची ११वी ओवी. देवाच्या मनातले संकल्प 'हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत', असे ते सांगते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, मुलाखतीत डावललेल्या तरुणाला ते हमखास येते, आणि तो त्याचा अर्थ 'लवकरच सगळे ठीक होईल' असा घेतो. वास्तविक तो अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलला, बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. एकच ओवी मागे जा. तिथे ७० वर्षे पुरी झाल्यावरच परत आणीन असे म्हटले आहे. पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण मायदेशी परतणारच नव्हते. त्याच्याही आधी, ५ ते ७ या ओव्यांत सांगितले आहे की घरे बांधून राहा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे हे लांबच्या मुक्कामाचे वचन आहे. सुटका दूर असताना आज काय करायचे, ते त्यात आहे. हे न सांगता फक्त अकरावी ओवी दिली आणि 'लवकर' काही घडले नाही, की मुलगा स्वतःचाच विश्वास कमी पडला असे समजतो. हे नुकसान आम्हाला फार मोठे वाटते.

तसेच फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ चे. 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे शब्द टीशर्टवर छापतात. येशूचा प्रेषित पौल याने हे पत्र कैदेतून लिहिले, आणि आदल्या दोन ओव्यांत तो म्हणतो की पोट भरलेले असो वा उपाशी, विपुलता असो वा गरज, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. जिंकण्याचा विषयच नाही; महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या बाईला ते वचन खेळाडूपेक्षा जास्त लागू पडते.

आता जे स्तोत्र सर्वांना पाठ असते तेच जवळून पाहू. बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातले स्तोत्र २३, सहा ओव्या. पहिल्या तीन ओव्यांत देवाविषयी 'तो' असे बोलणे आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या ओवीत 'मृत्युच्छायेच्या दरी'चे नाव निघाले आणि सर्वनाम बदलले: 'तू माझ्याबरोबर आहेस; तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलू लागतो. मोठ्याने वाचताना या ठिकाणी क्षणभर थांबावे, बदल कानाला कळतो. आकडी आणि काठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मूळ हिब्रूतला एक शब्द जनावर हाणायच्या दांडक्याचा आहे, दुसरा टेकण्याच्या काठीचा. माळरानावर मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराकडे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून द्यावे लागत नाही. पाचव्या ओवीतले ताटही शत्रूंच्या देखत वाढलेले आहे. शत्रू अजून गेलेले नाहीत.

या कारणासाठी आमचा आग्रह आहे की वाचायचे तर पूर्ण स्तोत्र वाचावे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, त्यांतली सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ती कमी गायली जातात, कारण देवाला जाब विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. पण ती शास्त्रातच आहेत. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो: तू कोठवर मला विसरणार, आपले मुख कोठवर लपवणार? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाची रचनाही पाहण्यासारखी आहे. देवाची करुणा 'रोज सकाळी नवी' होते हे प्रसिद्ध शब्द पुस्तकाच्या ऐन मध्यावर, तिसऱ्या अध्यायाच्या २३व्या ओवीत आहेत. त्याआधी वीसएक ओव्या 'त्याने मला कोंडले, माझा मार्ग अडवला' असा आक्रोश आहे, आणि त्यांच्यानंतरही रडणे चालूच राहते. आशा शेवटी येऊन दुःख पुसून टाकत नाही, ती दुःखाच्या मधोमध उभी असते. रडू येत असताना ज्याला 'आता धीर धर' असे सांगितले जाते त्याने हा अध्याय एकदा पूर्ण वाचावा.

स्तोत्र १३ कागद-पेन्सिल घेऊन वाचण्यासारखे आहे. त्याच्या सहा ओव्या दोन-दोनच्या तीन भागांत पडतात: गाऱ्हाणे, मागणे, भरवसा. वहीचे एक पान तीन घड्यांत मोडा. वरच्या भागात आपले 'कोठवर' नेमक्या शब्दांत लिहा: बाबांचे डायलिसिस कोठवर, घराचा हप्ता कोठवर. 'माझ्या अडचणी' असे मोघम लिहिले तर मन हलके होत नाही. मधल्या भागात या आठवड्यापुरते एकच मागणे लिहा. खालच्या भागात स्वतःचे काही लिहू नका, पाचवी-सहावी ओवी जशीच्या तशी उतरवा. त्या वेळी आपल्याकडे भरवशाचे शब्द नसतात, म्हणून ते उसने घ्यायचे. वाचताना ते पटले नाहीत तरी हरकत नाही. तेच स्तोत्र तीन दिवस वाचा, मग पुढे जा. हरिपाठ रोज म्हणणाऱ्या घरांना पुन्हा पुन्हा म्हणण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

किती वाचावे? धीर हवा असेल तेव्हा थोडे. बायबलमध्ये (प्रॉटेस्टंट आवृत्तीत) १,१८९ अध्याय आहेत. वर्षात पूर्ण करायचे तर रोज तीन आणि रविवारी पाच वाचावे लागतात. उत्पत्ती आणि निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचे ५० आणि ४० अध्याय संपून जानेवारीअखेर माणूस लेवीय पुस्तकातल्या यज्ञांच्या नियमांत शिरतो आणि तिथेच बहुतेकांचे वाचन थांबते. मग अपराधी वाटते ते वेगळेच. संकटात असलेल्याने हा नेम त्या वर्षापुरता बाजूला ठेवावा. मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची कथा, १६ अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय आणि एक स्तोत्र, एवढे १५ मिनिटांत मोठ्याने वाचून होते. मोठ्याने यासाठी की चिंतेत डोळे ओळीवरून फिरतात आणि मन दुसरीकडे असते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि जिथे बोट पडेल ते वचन आजचे समजायचे, ही सवय मात्र सोडावी. बोट वंशावळीवर पडले तर निराशा, शापाच्या ओवीवर पडले तर भीती, आणि दोन्ही वेळा मूळ लेखकाला काय सांगायचे होते ते कळत नाही. ओव्यांचे आकडे तर फार उशिरा आले. नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागातली, आजची क्रमवारी १५५१ मध्ये एका मुद्रकाने घातली. ते आकडे पत्ता शोधण्यासाठी आहेत, तुकडे तोडण्यासाठी नव्हेत.

कामावर जाता-येता वाचणाऱ्यांना १२० ते १३४ ही १५ 'आरोहणस्तोत्रे' सोयीची. यात्रेकरू वर यरुशलेमेला जाताना ती म्हणत. १३२वे सोडले तर सगळी आखूड, लोकलच्या दोन स्टेशनांत होणारी. १२१व्यात राखण करण्याचा हिब्रू शब्द आठ ओव्यांत सहा वेळा येतो आणि शेवट 'तुझे जाणेयेणे' या शब्दांपाशी होतो. रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढणाऱ्यांसाठी १३०वे: पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, हे त्यात दोनदा म्हटले आहे, कारण अशी रात्र एकदा सांगून संपत नाही. १३१वे तीनच ओव्यांचे. त्यात जीवाला दूध तोडलेल्या बाळाची उपमा आहे. अंगावर पिणारे मूल आईच्या कुशीत दुधासाठी धडपडते. दूध सुटलेले मूल काही न मागता नुसते टेकून बसते. मागणे संपलेले आणि आई आहेच, एवढेच ते स्तोत्र सांगते.

दुसऱ्याला वाचून दाखवायचे असेल तर अधिक जपावे. नीतिसूत्रे २५:२० मध्ये सरळ इशारा आहे: खिन्न माणसापुढे गाणी म्हणणे म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचे पांघरूण काढणे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळे ठीक होते. ते कारणे सांगू लागले तिथे बिघडले, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांनाच दोष देतो. योहान ११ मध्ये मार्था आणि मरीया या दोघी बहिणी येशूला वेगवेगळ्या वेळी येऊन एकच वाक्य बोलतात: आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीया पायाशी पडून रडते तेव्हा तो समजावत बसत नाही. तोही रडतो. वाक्य एक, पण दोघींची गरज वेगळी. म्हणून भेटीला गेल्यावर आधी विचारावे, 'काही वाचू का?' नको म्हटले तर आग्रह करू नये. हो म्हटले तर आठ-दहा ओव्या, कानाजवळ, सावकाश. वर प्रवचन नको. रोमकरांस ८:२८, देव सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक करतो हे वचन, मृत्यू झालेल्या घरी पहिल्या आठवड्यात काढू नये. त्याच अध्यायातली २६वी ओवी त्या घराला जवळची वाटेल: काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा पवित्र आत्मा स्वतः 'अनिर्वाच्य कण्हण्याने' आपल्यासाठी मध्यस्थी करतो. याच आत्म्याला मराठी शास्त्रात, योहान १४:१६ मध्ये, 'कैवारी' म्हटले आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ हाकेला धावून शेजारी उभा राहणारा असा आहे, आणि कैवार घेणे म्हणजे काय हे मराठी माणसाला उपजत कळते. भाषांतरकारांनी फार नेमका शब्द निवडला.

आणि एक गोष्ट पाळकांनी व धर्मगुरूंनी व्यासपीठावरून सांगावी अशी. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, तो खाऊन पुन्हा झोपतो, त्याला पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. दोन आठवड्यांहून अधिक झोप-भूक गेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर फक्त वचने पाठवत राहू नये. डॉक्टरकडे सोबत जावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. पौलाचा सोबती लूक हाही वैद्यच होता. औषध घेतल्याने विश्वास उणा ठरत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांची एक अडचण क्रमांकांची असते. जुन्या कॅथलिक पुस्तकांत ग्रीक-लॅटिन मोजणीमुळे बरीचशी स्तोत्रे एकाने मागे असतात, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तिथे २२वे असते. पान चुकले असे समजू नये. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली आवृत्ती घ्यावी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी ते काम पुरे झाले आणि तिथल्या स्त्रियांनी ते छापले. सांत्वन आपल्या बोलीत मिळावे यासाठी केलेले ते कष्ट होते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. सुविचाराच्या चौकटीत बायबलमधले वचन छापाल तेव्हा त्याखाली अध्याय व ओवीचा क्रमांक अवश्य द्यावा, म्हणजे ज्याला हवे तो पूर्ण उतारा काढून वाचेल. आणि जमल्यास एखाद्या रविवारी एका ओळीऐवजी स्तोत्र १३१ पूर्ण छापावे. तीनच ओव्या आहेत, त्या चौकटीत मावतील.

आपले,
बायबल वाचनवर्ग घेणारे काही वाचक
अहिल्यानगर