पहिल्याच रविवारी आडनाव कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळात शहरातल्या चर्चच्या रोषणाईची छायाचित्रे वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात. त्या दोन-तीन दिवसांत दार सगळ्यांना उघडे असते. शेजारपाजारचे लोक येतात, मुलांना गव्हाणीचा देखावा दाखवतात, केक खातात, आणि कुणी त्यांना काही विचारत नाही. जानेवारीतल्या एखाद्या साध्या रविवारी एकटाच आत येणाऱ्या माणसाचे काय होते, ते मात्र बातमीत येत नाही. मी जन्माने ख्रिस्ती, मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाची, जुनी सभासद. तेव्हा हे घरातल्या माणसाचे बोलणे समजावे.

उपासना संपली की त्या माणसाची चौकशी सुरू होते. आडनाव काय, मूळ गाव कुठले, आधीची मंडळी कोणती, बाप्तिस्मा झालाय का, लग्न कुठे झाले. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्यालाही एवढे विचारतातच. पण आडनावावरून जात आणि लग्नावरून चारित्र्य जोखले जात आहे, हे समोरच्याला बरोबर कळते. हल्ली धर्मांतराच्या आरोपांमुळे पंचमंडळी अनोळखी चेहरा पाहून बिचकतात, हेही खरे, आणि ती भीती उगाच आहे असे मी म्हणणार नाही. पण नवऱ्यापासून वेगळी राहणारी मुलगी, दुसऱ्या धर्मात लग्न केलेला मुलगा, व्यसनातून बाहेर पडू पाहणारा रिक्षावाला, ही तर आपल्याच रजिस्टरातली माणसे आहेत. ती का येईनाशी होतात?

त्याचे एक कारण मला अनेक वर्षे टोचते आहे. ते म्हणजे ‘प्रार्थनेची विनंती’. महिलांच्या सभेत एखादी बहीण डोळे मिटून म्हणते, अमक्या बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करू या, तिचा नवरा सहा महिने घरी आलेला नाही. आमेन होण्याआधीच ती गोष्ट दुसऱ्या गल्लीत पोहोचलेली असते. कुजबूज केली तर निदान लाज तरी वाटते. प्रार्थनेच्या नावाने केली की पुण्य लागते! माझ्या परिचयातल्या एका तरुणीने असेच आपले नाव ऐकले आणि त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही. तिला भेटायला कोण गेले? कुणीच नाही. ती ‘विश्वासात थंड झाली’ असा शेरा तेवढा मारला गेला.

बाकांचेही तसेच. मोठी देणगी देणाऱ्याला पुढची जागा, साध्या कपड्यातल्याला दाराजवळची. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाने बसवायचे आणि गरिबाला पायाशी बस म्हणायचे, यावर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात इतके स्पष्ट लिहिले आहे की वेगळ्या उपदेशाची गरज नाही.

बाहेरून काही शिकायचीही गरज नाही. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हा या शहरात परके तेच होते. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात लोक अस्पृश्यतेपायी चहा प्यायला येईनात, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी आपली गाडी तिथे थांबवून चहा घेतला. त्यावर भाषण करण्यापेक्षा महाराजांनी तो कप तोंडाला लावला, हे मला फार मोठे वाटते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समाज काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. आज आम्ही टिळकांची भजने उपासनेत तल्लीन होऊन गातो आणि बाप्तिस्म्याचा दाखला मागतो.

यावर काही वडीलधारे म्हणतील, मग काय पापाला मोकळे रान द्यायचे? तसे मुळीच नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला ख्रिस्ताने ‘पुन्हा पाप करू नको’ असे सांगितलेच, पण आधी दगड घेतलेल्यांना घरी पाठवले आणि नंतर तिच्याशी बोलला. आम्ही क्रम उलटा केला आहे. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एकांतात बोलावे, समजावावे, प्रसंगी रागवावे. गावभर चर्चा कशाला?

2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ठरवते, तर मंडळीच्या वार्षिक सभेला हिशेब आणि निवडणूक यांच्या जोडीला असा एखादा विषय घेता येणार नाही का? नव्या माणसाला पहिल्या दिवशी नावापलीकडे काही विचारू नये, आणि कुणाच्याही घरची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय प्रार्थनेत घेऊ नये, एवढे दोनच ठराव मी सुचवते. कोणत्या मंडळीने ते केले, तर नाताळच्या फोटोइतकीच जागा देऊन ती बातमी आपण छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये.)