प्राथमिक फेरीसाठी घरचे ध्वनिमुद्रण पुरेसे मानावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भजन स्पर्धा असो वा महाविद्यालयीन बँडची, प्राथमिक फेरीसाठी ध्वनिमुद्रण मागवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. प्रवासाचा व सभागृहाचा खर्च वाचत असल्याने ती सोयीचीही आहे. मात्र ‘ध्वनिमुद्रण दर्जेदार असावे’ या एका मोघम अटीमुळे अनेक मंडळांची अशी समजूत होते की, स्टुडिओ घेतल्याशिवाय, निदान प्रत्येक वाद्यापुढे स्वतंत्र माइक लावल्याशिवाय आपला निभाव लागणार नाही. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हा भुर्दंड परवडत नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही.

लहान खोलीत माइकची संख्या वाढवली की काम सोपे न होता बिघडते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. पखवाजाचा ठोका त्याच्या स्वतःच्या माइकमध्ये आधी आणि बुवांच्या माइकमध्ये किंचित नंतर पोहोचतो. हे दोन्ही एकत्र केले की ठोका पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. हे टाळण्यासाठी ध्वनिमुद्रक असा संकेत पाळतात की, वादक माइकपासून जितका दूर असेल त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावे. टाळकरी गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असताना हे कसे साधणार?

त्याऐवजी दोनच माइक घ्यावेत. एकाच जातीचे दोन कंडेन्सर माइक, स्टँड आणि दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) एवढे साहित्य ओळखीच्या साउंडवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने मिळत असेल तर विकत घेण्याचे कारण नाही. इंटरफेसवरील, माइकला वीज पुरवणारे ४८ व्होल्टचे बटण तेवढे विसरू नये. त्याशिवाय बहुतेक कंडेन्सर माइक बोलतच नाहीत. दोन्ही माइक एकाच आडव्या पट्टीवर १७ सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांशी ११० अंशांचा कोन करून, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा थोडे वर लावावेत आणि मंडळींना त्यांच्यासमोर अर्धवर्तुळात बसवावे. बुवा पेटीसह मध्यभागी व सर्वांत जवळ, पखवाज त्यांच्या एका बाजूला जरा मागे, कोरस दोन्ही अंगांना, आणि टाळ-झांजा सर्वांच्या मागे, अशी बैठक आमच्या मंडळाला मानवली. खरी डोकेदुखी झांजेची असते, कारण तिचा तीक्ष्ण ठोका बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून थेट माइकवर येतो. झांजवाल्याला आणखी दोन हात मागे सरकवण्याखेरीज त्यावर उपाय नाही, आणि हे सांगताना थोडा रुसवा सोसावा लागतो. अर्ध्या मिनिटाचा गजर मुद्रित करून हेडफोनवर ऐकावा आणि ज्याचा आवाज कमी-जास्त वाटेल त्या माणसाला सरकवावे. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा ठोकाही मुद्रणाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही; तिथे शून्याच्या वर आवाज फाटतो. २४ बिटवर (मुद्रणाच्या सेटिंगमधील अधिक बारकाव्याचा पर्याय) मुद्रण केले असेल तर आवाज मागाहून बिनधास्त वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. मोबाइलवरच भागवायचे असल्यास पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करता येईल असे ॲप वापरावे. नाहीतर झांजेच्या ठोक्यासरशी बुवांचा आवाज दबतो आणि ठोका ओसरला की खोलीतली घरघर वर येते.

खोलीची तयारी फुकटात होते. फरशीवर सतरंजी, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीला उभ्या गाद्या, कपड्यांच्या कपाटाची दारे उघडी, पंखा आणि फ्रिज बंद. पखवाजवादकाला कोपऱ्यात बसवू नये. तिथे धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा फुगतो आणि गोधड्यांनी तो आवरत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही, आणि पुठ्ठा पेट घेण्याची भीती वेगळीच. बँडच्या ड्रमसेटचे गणित अर्थात वेगळे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तेव्हा ड्रमवाल्यांनी शेजाऱ्यांना आधी सांगून दुपारची वेळ धरावी किंवा काड्यांऐवजी ब्रश वापरावेत.

बैठकीतून समतोल साधण्याची ही रीत जुनीच आहे. १९०२ साली कोलकात्यात हॉटेलच्या खोल्यांत ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा माइक नव्हताच, गायचे ते कर्ण्यात. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आले. पुढे १९८७ मध्ये काउबॉय जंकीज या कॅनडाच्या बँडने टोरांटोतील एका चर्चमध्ये एकाच माइकभोवती बसून अख्खा अल्बम मुद्रित केला. तो जगभर ऐकला गेला.

म्हणून स्पर्धा-आयोजकांना विनंती आहे की, त्यांनी ‘दर्जेदार’ हा शब्द वगळून नियमावलीत स्पष्ट लिहावे: सादरीकरण एका दमात, काटछाट न करता मुद्रित केलेले असावे, सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर वापरू नयेत, आणि ध्वनिमुद्रणाच्या चकचकीतपणाला गुण नसतील. स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या मुद्रणात मंडळाची लय प्रत्यक्षात कितपत टिकते हे परीक्षकांना कळत नाही, ते कळते अंतिम फेरीत, आणि तोवर एखादे चांगले पण गरीब मंडळ बाहेर पडलेले असते. शिवाय फाइल एमपी-३ हवी की वेव्ह, आणि किती मिनिटांची, हेही जाहिरातीतच नमूद व्हावे. प्रवेशिकेची मुदत संपायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवले जाऊ नये.

आपला नम्र,
एका भजनी मंडळाचा पेटीवादक, डोंबिवली