राज्य आणि स्थानिक शासन पहिल्या सत्रात शिकवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी राज्यशास्त्र शिकवते. तास सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना घरी आलेले मालमत्ता कराचे बिल वर्गात आणायला सांगते. शहरातली मुले महापालिकेचे बिल आणतात, गावाकडून येणारी मुले ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती आणतात, आणि तो कागद त्याआधी बहुधा कोणीच ओळीने वाचलेला नसतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांच्या दुकानाचे बिल आणले. त्यात सर्वसाधारण कर, वृक्ष उपकर वगैरे ओळींच्या खाली ‘रोजगार हमी उपकर’ अशी एक ओळ होती. तिने विचारले, ‘मॅडम, रोजगार हमीची कामे तर खेड्यात निघतात, मग बाजारपेठेतल्या आमच्या दुकानाला हा कर कशासाठी?’ त्या एका प्रश्नावर मला तीन तास घ्यावे लागले, आणि त्या वर्षीचे माझे सर्वांत चांगले तास तेच होते.

राज्याचा कारभार आणि शहराचा कारभार एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे त्या एका ओळीत दिसते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर राबवली गेली, १९७७मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले, आणि खेड्यातल्या मजुराला काम देण्यासाठी जो पैसा लागणार होता तो उभा करताना राज्याने शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवरचा उपकर आणि व्यवसाय कर असे मार्ग निवडले. उपकर राज्याचा, वसुली महापालिकेची आणि खर्च गावोगावच्या कामांवर, अशी ही रचना आहे. ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, २००५मध्ये झाला. हे समजल्यावर त्या मुलीने घरी जाऊन वडिलांना बिल समजावून सांगितले. संघराज्यातील अधिकारविभागणीवर मी यापूर्वी अनेक व्याख्याने दिली आहेत, परंतु त्यांतले एखादे कोणाच्या घरापर्यंत पोहोचल्याचे मला तरी आठवत नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, आपल्याकडील प्रारंभिक अभ्यासक्रमांत राज्य आणि स्थानिक शासन हा भाग जवळजवळ नेहमी शेवटच्या घटकात असतो. सरनामा, मूलभूत हक्क, संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय हे सगळे पार पडल्यावर, परीक्षेला पंधरा दिवस उरलेले असताना, आम्ही शिक्षक पंचायतराज ‘उरकतो’. मुलांच्या वहीत मग चार ओळी उतरतात: बलवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती १९६१, त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८. या नोंदींत चूक काहीच नाही. त्यांच्या मागचा वाद मात्र वर्गात येत नाही. मेहता समितीने खरा कार्यभार पंचायत समितीकडे द्यावा आणि जिल्हा परिषदेने देखरेख करावी असे सुचवले होते. महाराष्ट्राने नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१च्या कायद्याने नेमका दुसरा मार्ग धरला आणि जिल्हा परिषदेला बळ दिले. सत्ता तालुक्याला द्यावी की जिल्ह्याला, हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे. अठरा वर्षांचा मुलगा त्यावर उत्तम बोलू शकतो, आपण त्याला फक्त वर्ष पाठ करायला लावतो.

याचे परिणाम मला दरवर्षी दिसतात. सातबारा तलाठ्याकडे आणि घराचा नमुना आठचा उतारा ग्रामसेवकाकडे मिळतो, कारण तलाठी राज्याच्या महसूल विभागाचा असतो आणि ग्रामसेवक जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतला, हे गावात वाढलेल्या मुलांनाही सांगावे लागते. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी एकाच तालुक्यात बसतात, मग त्यांचे वरिष्ठ वेगळे का, हे बहुतेकांना ठाऊक नसते. विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो आणि महापालिकेची राज्य निवडणूक आयोग, हे दोन्ही आयोग स्वतंत्र आहेत, यावर तर मुलांचा पटकन विश्वासच बसत नाही. रस्ता खणून ठेवला की मुले नगरसेवकावर रागावतात. परंतु महापालिकेचे कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात, आणि महापौराचे पद मानाचे असले तरी त्याच्या हाती प्रशासन नसते, हे कळल्यावर त्यांचा राग योग्य ठिकाणी जातो. ‘स्थानिक शासन’ हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, एवढे एक वाक्य नीट समजले तरी यांतल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

मार्च २०२२मध्ये बृहन्मुंबई महापालिकेची मुदत संपली. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही त्याच सुमारास संपली, आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होते. आधीच्या संस्थेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. या काळात अठरा वर्षांची झालेली कितीतरी मुले आपल्या प्रभागासाठी एकदाही मत न देता पदवीधर झाली. अर्थसंकल्प मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच असेल तर काय होते, स्थायी समिती नसली की निविदांवर प्रश्न कोण विचारतो, विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ज्या २२ जागा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडून देतात त्यांचे मतदारच उरले नाहीत तर त्या जागांचे काय होते, असे प्रश्न त्या वर्षांत राज्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात विचारले जायला हवे होते. एवढा मोठा प्रसंग घडत असताना आमचे वर्ग लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा १८८२चा ठराव लिहून घेत होते, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि त्यात मी स्वतःलाही वगळत नाही.

सहकाऱ्यांचे आक्षेप मला माहीत आहेत. पाठ्यपुस्तके देशभरासाठी लिहिलेली असतात आणि पंचायतीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, त्यामुळे साहित्य मिळत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु ग्रामपंचायतीसाठी १९५८चा, नगर परिषदांसाठी १९६५चा आणि मुंबईसाठी १८८८चा असे आपले कायदे मराठीत उपलब्ध आहेत आणि त्यांतली निवडक कलमे वर्गात वाचता येतात. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका महाविद्यालयात असताना, माझ्या विद्यार्थ्यांनी एका गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त पाहायला मागितले, तेव्हा मला बोलावून ‘मुलांना राजकारणात ओढू नका’ असे सांगण्यात आले. त्या दिवशी मी गप्प राहिले. आज वाटते की तेव्हाच सांगायला हवे होते: संसदेचे कामकाज शिकवलेले चालते आणि ग्रामसभेचे इतिवृत्त वाचलेले चालत नाही, असा भेद करण्याला शैक्षणिक आधार कोणताच नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाचे उदाहरण मी वर्गात आवर्जून देते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांना माहीत असते, पण तिथल्या अभ्यासगटाविषयी फार थोड्यांना माहिती असते. ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेतात, कायदा वाचतात, शंका विचारतात, आणि मग निर्णय सर्वसहमतीने होतो. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९मध्ये मेंढा-लेखाचे नाव आले, त्यामागे हे वाचन होते. जंगलातल्या एका लहान गावाने स्वतःसाठी जो अभ्यासक्रम उभा केला, तो आमच्या महाविद्यालयांना जमू नये असे त्यात काही नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, हा घटक शेवटून उचलून पहिल्या सत्राच्या आरंभी आणावा. विद्यार्थ्याने आपल्या प्रभागापासून किंवा गावापासून सुरुवात करावी, तिथून जिल्हा, विधिमंडळ आणि मग संसद असे वर जावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यांतले काही एखाद्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा किंवा नगर परिषदेचा अर्थसंकल्प वाचून त्यावर टिपण लिहिण्यासाठी राखता येतील. वित्त आयोगाच्या निधीतला किती भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो आणि किती भाग गावाच्या मर्जीने खर्च करता येतो, हे आकडे पाहिल्यावर मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात, हा माझा अनुभव आहे. परीक्षेतही समित्यांची वर्षे विचारण्याऐवजी अर्थसंकल्पाचे एक पान छापून त्यावर प्रश्न विचारावेत. शिकवण्याची पद्धत प्रश्नपत्रिकेच्या मागे जाते, हे आम्ही सगळेच जाणतो.

आणखी एक छोटी गोष्ट आहे, तिला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात, आणि तेवढेही जमले नाहीत म्हणून सभा तहकूब झाल्याचे माझे विद्यार्थी मला सांगतात. त्याच सकाळी, गावचे मतदार असलेले हे विद्यार्थी महाविद्यालयाच्या मैदानावर ध्वजवंदनानंतरच्या भाषणांना बसलेले असतात. प्राचार्यांनी येत्या १५ ऑगस्टला राष्ट्रगीत झाल्याबरोबर त्यांना गावी जाऊ द्यावे, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला ग्रामसभेत काय झाले ते विचारावे.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक अध्यापिका