बाबा, हे व्हाउचर तुम्ही पास केलं असतंत का?

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा घरच्या ग्रुपवर बाबांनी पाठवलेल्या कोरोनाच्या फॉरवर्डवर मी त्यांना जे बोलले ते दोन दिवस मनातून जात नाहीये. ‘काहीही काय पाठवता बाबा’, आणि पुढे तो हसून लोळणारा इमोजी. काका, आत्या, भाचरं, सगळ्यांनी वाचलं. बाबांनी मेसेज गुपचूप डिलीट केला आणि तेव्हापासून ग्रुपवर साधं ‘सुप्रभात’सुद्धा नाही. फोनवर आपण तिघं एकाच वेळी बोलतो, म्हणून हे पत्र.

मेसेज चुकीचा होता हे खरं, पण तो कुठे चुकला हे मी दाखवलंच नाही, नुसती हसले. ते आता दाखवते.

तो मेसेज 2020 मध्ये युनिसेफच्या नावावर फिरला होता आणि ‘हा आमचा नाही’ असं युनिसेफने तेव्हाच सांगितलं होतं. आता वर ‘नवीन व्हेरियंट’ एवढं चिकटवून परत आलाय. त्यातली दोनच वाक्यं घ्या. पहिलं, विषाणू 26-27 अंशाला मरतो, म्हणून गरम पाणी प्या, उन्हात बसा. आई, ताप नसलेल्या माणसाचं अंग किती असतं? सेल्सिअसमध्ये 37 च्या आसपास. मग 27 अंशाला मरणारा विषाणू आपल्या अंगात शिरल्या शिरल्या संपला असता, कोणी आजारीच पडलं नसतं! दुसरं, विषाणू 400-500 ‘मायक्रो’ एवढा मोठा, म्हणून कुठलाही मास्क चालेल. त्यांना मायक्रॉन म्हणायचं असेल, तर 500 मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढा असता तर टेबलावर फडक्याने पुसता आला असता. खरा कोरोना विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, पट्टी आणि थर्मामीटर पुरतात.

बाबा, तुमचा तर जन्म व्हाउचरं तपासण्यात गेला. मूळ बिल नाही, तारीख नाही, सही नाही, असा कागद साहेबांनी पुढे केला तरी तुम्ही परत पाठवायचात. आणि फॉरवर्ड म्हणजे तर झेरॉक्सची झेरॉक्स. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसतात ना, त्याचा अर्थ तो किमान पाच हातांतून फिरून आलाय. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण मूळ बिल कुठेतरी मागे राहिलंय एवढं नक्की. ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय’ ही सही नव्हे. कोणते डॉक्टर, कुठे म्हणाले, कधी? आणि चित्रावर संस्थेचा लोगो असला म्हणून भुलू नका, तो कोणीही चिकटवतो. त्या संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन तेच वाक्य सापडतंय का बघा. नाही सापडलं तर व्हाउचर परत.

खरे आकडेही फसवतात, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. ‘दवाखान्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण लस घेतलेलेच आहेत’ हे वाचून तुम्ही मला फोन केला होतात. समजा 1000 माणसांत 900 जणांनी लस घेतली, 100 जणांनी नाही. घेतलेल्यांपैकी 9 दवाखान्यात गेले, न घेतलेल्यांपैकी 5. दवाखान्यात पाहिलं तर 14 पैकी 9 लसवाले, वाक्य अगदी खरं. पण 900 मागे 9 म्हणजे शेकडा 1 आणि 100 मागे 5 म्हणजे शेकडा 5. मेसेजमध्ये भाजकच गाळलेला असतो.

आई, तू तेव्हा विचारलं होतंस, ‘मोठ्या संस्था तरी कुठे एका शब्दावर राहिल्या?’ मी विषय बदलला होता, कारण तुझं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 28 मार्च 2020 ला ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठासून ट्विट केलं. चुकलंच ते. लोकांनी कापडी मास्क वापरावेत हा सल्लाही त्यांनी जूनमध्ये दिला, त्याआधी सरसकट नको म्हणत होते. पण त्यांचं जुनं म्हणणंही तारखेसकट सापडतं आणि नवंही, म्हणून तर तू त्यांना पकडू शकलीस. 27 अंशवाल्याला कुठे गाठणार? त्याला ना नाव, ना पत्ता.

‘खोटं निघालं तरी गरम पाण्याने काय बिघडतंय’ असं बाबा म्हणाले होते. पाण्याने नाही बिघडत. पण 2020 च्या सुरुवातीला इराणमध्ये दारूने कोरोना मरतो ही अफवा पसरली आणि विषारी मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शेकडो माणसं गेली. त्यांनाही ते कोणीतरी काळजीपोटीच सांगितलं असणार.

आणि आता खरी गोष्ट. 10 सेकंद श्वास रोखून खोकला आला नाही तर कोरोना नाही, हा मेसेज आठवतो? आई, तू रोज सकाळी खिडकीशी उभी राहून नाक धरून मोजायचीस आणि मला ‘आज बारा’ असं कळवायचीस. त्या चाचणीला काही अर्थ नाही. लागण झालेला माणूसही आरामात 10 सेकंद श्वास रोखू शकतो. तो मेसेज तुला मीच पाठवला होता. घाबरले होते, पूर्ण वाचलाही नव्हता. नंतर खोटा आहे हे कळलं तरी तुला सांगायची लाज वाटली, आणि तुझे आकडे येत राहिले.

म्हणून बाबा, रविवारी फोन करायच्या आधी ग्रुपवर तुमची माफी मागणार आहे, सगळ्यांसमोर, माझ्या त्या मेसेजच्या गोष्टीसकट. इमोजी न टाकता.

तुमची,
लेक