जिभाऊ, तो खाडा वहीत तसाच राहू द्या

जिभाऊ, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला माहीत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला अजून मुंग्यांसारखीच दिसतात. नातू वाचून दाखवेल, आणि अर्ध्यात तुम्ही म्हणाल, "बस कर, त्या गिऱ्हाइकले दख पहिले." तरी लिहितो आहे, आणि चारचौघांत लिहितो आहे, कारण चारचौघांतच मी खोटं बोललो.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात 'स्वतःची वाट निवडताना' या विषयावर बोलायला मला बोलावलं होतं. शाल, नारळ, माईक, सगळं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी साने गुरुजी सांगितले, १९३० साली अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले. मग केकी मूस सांगितले, विलायतेहून कला शिकून आले आणि चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या घरात फोटो काढत जन्म काढला. आपल्या खानदेशात या विषयावर बोलायचं म्हटलं की ही दोन नावं येतातच. माणसं डोंगराएवढी, वाद नाही. पण पुढच्या बाकावर एक मुलगा बसला होता, वही उघडून, काहीच न लिहिता. त्याची फी बापाने सोसायटीच्या कर्जातून भरली असेल तर त्याने मूस साहेबांचं काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं. मीही नाही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मनाचा आवाज ऐका." टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर कानशिलं तापलेली.

कारण माझ्या मनाने कसलाच आवाज दिला नव्हता. आमची मोटर जळाली होती, एवढंच.

एप्रिल २०२२. मी पुण्याहून 'चार दिवस' म्हणून आलो होतो. मागे पाच वर्षं सदाशिव पेठेतली एक कॉट, अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि मेसचा डबा. १४ मार्च २०२१ ची एमपीएससीची पूर्व परीक्षा कोरोनामुळे ऐनवेळी पुढे गेली, तेव्हा नवी पेठेत रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत मीही घसा बसवून घेतला होता. आठवड्याभराने ती झाली आणि मी थोडक्यात राहिलो. 'थोडक्यात राहिला' हे आबा पाहुण्यारावळ्यांना इतक्या वेळा सांगत की ते माझं आडनावच झालं होतं. गावात नाव वेगळं, 'कलेक्टर'. पहिल्या वर्षी लोक ते कौतुकाने म्हणायचे, पाचव्या वर्षीही त्याच सुरात म्हणायचे. तो सूर बदलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

केळीची मृगबाग निसवून घड लोंबत होते, वर ऊन असं की दुपारी पाखरू दिसेना, आणि त्यात मोटर बसली. तीन पायांचा घोडा लावून, चेन-पुलीने वर ओढून, ट्रॅक्टरवर टाकून आबांनी आणि मी ती चोपड्याला तुमच्या मोटरी भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायच्या, दुकानी आणली. त्या वेळी केळीला चार दिवस पाणी नाही मिळालं तर वर्षाची कमाई उभ्या उभ्या करपते. आबा बोलत नव्हते. तुम्ही मोटर उघडलीत, आतल्या स्टेटरमध्ये, जिथे तारेच्या कॉइली बसवलेल्या असतात तिथे, बॅटरीचा उजेड पाडलात आणि मला म्हणालात, "दख."

दोन फेजची कॉइल काळी ठिक्कर, तिसऱ्या फेजची तार अजून चकचकीत. तुम्ही म्हणालात, एक फेज गेलेली असताना मोटर उरलेल्या दोघांवरच ओढत राहिली. डीपीवर, ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन बघा. आम्ही गेलो. एका ग्रीपमधली, म्हणजे फ्यूजमधली, तार वितळून पडलेली होती.

जिभाऊ, तुम्हाला ती रोजची गोष्ट. पण पाच वर्षांत पहिल्यांदा मी असा प्रश्न पाहिला ज्याचं उत्तर संध्याकाळच्या आत खरं-खोटं ठरलं. ना उत्तरतालिकेवर हरकती, ना कटऑफची वाट. पुढे कळलं की सगळी वाइंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, सारखी काळवंडली असेल तर व्होल्टेज कमी होतं किंवा पंप जाम होता, एकाच ठिकाणी डाग असेल तर वेढ्याला वेढा भिडला. कॉइली जोडायच्या दोन रीती, स्टार आणि डेल्टा; स्टार जोडणीत एक फेज गेली की दोन जळतात, डेल्टात एक जळते. जळालेली मोटर सगळं सांगते, फक्त बघणारा हवा. मी दुसऱ्या दिवशी काही काम नसताना आलो. तिसऱ्या दिवशीही.

लोकांना वाटतं तुम्ही मला हाताला धरून बसवलंत. तुम्ही मला हाकललंत. "आठे बठू नको. घर जाय." चौथ्या दिवशी मी म्हणालो, शिकवा. तुम्ही तार गुंडाळत होतात, वर न बघता विचारलंत, "बापले सांगं का?"

सांगितलं नव्हतं. रस्त्यावर बसून घोषणा देताना न वाटलेली भीती मला त्या प्रश्नाने वाटली. त्या रात्री ओट्यावर आबांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उठून बैलांना चारा टाकला, हात धुतले, परत येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "मंग पुनाले कसाले धाडं तुले?" मायनं आतून भांड्याचा आवाज केला नाही, म्हणजे तीही ऐकत होती. आबांचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मला आजही म्हणायचं आहे. दोन हंगामांची केळी माझ्या पुण्यात गेली होती. मायची एक पोत गेली होती. स्वप्न कोणाचं होतं हा प्रश्न नंतरचा, पैसे त्यांचे होते. व्यासपीठावरून या बापांना खलनायक करतात ना, तिथे मला राग येतो. आणि त्या दिवशी मीही गप्प बसलो.

मग तुम्ही स्वतः घरी आलात. माझी वकिली करायला आला असाल असं मला वाटलं. तुम्ही चहा प्यालात, केळीच्या भावावर बोललात, आणि निघताना आबांना म्हणालात की आखाजीपासून आखाजीपर्यंत पोरगं राहू द्या, सालदार ठेवतात तसं. महिन्याला सहा हजार. वर्ष संपलं की हिशेब, मग त्याचं तो बघेल, पुढलं पुढे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस असतो, पुरुष भरदुपारी पत्ते कुटतात. आणि त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं, नवं सुरू होतं. राहायचं की दुसरं घर धरायचं, हे मालकाने आणि गड्याने तेव्हाच ठरवायचं.

आबांना 'आयुष्यभर मोटरी भरणार' हे पचलं नसतं. खरं तर मलाही नसतं पचलं. पण एक साल? एक साल कोणीही देतं. ३ मे २०२२ ला आखाजी होती. रस खाऊन मी दुकानी आलो आणि तुम्ही लाल वहीत माझं नाव घातलंत. कलेक्टर म्हणून नाही, खऱ्या नावाने.

पहिले चार महिने नुसत्या जळालेल्या तारा उपसल्या. तांबं भंगाराला वेगळं, कागद वेगळा. मग स्लॉटमध्ये कागद बसवणं, मग कॉइल. तुमचा एकच मंत्र, "पहिले येढा मोज, मंग काप." जुनी कॉइल कापायच्या आधी वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, जोडणी वहीत काढायची. कापल्यावर मोटर मुकी होते.

आणि मी तेच विसरलो. २०२३ च्या उन्हाळ्यात दुकानात मोटरींची रांग लागलेली, तुम्ही लग्नाला गेलेले. मी एक मोटर न मोजता कापली. तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या दुसऱ्या कंपनीच्या मोटरीचे वेढे वहीत होते, तेच भरले. वेढे कमी पडले. मोटर सुरू झाली, छान चालली, आणि चौथ्या दिवशी तापून गेली. शेतकरी दुकानात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आबांचा गेल्या वर्षीचा चेहरा होता तो.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली, ती अभ्यासिकेत पाच वर्षांत कळली नव्हती. तिथे नापास झालो की म्हणायला खूप काही होतं. पेपर पुढे गेला, कटऑफ चढला, पॅटर्न बदलणार म्हणे. घरचेही होते, त्यांनीच तर पाठवलं होतं. इथे कोणीच नव्हतं. दुकान मी मागून घेतलेलं, मोटर मी कापलेली. आपल्या मर्जीने निवडलेल्या वाटेवर हेच फार जड जातं, जिभाऊ. लोकांच्या बोलण्याची सवय होते. बोट दाखवायला आजूबाजूला माणूस नसण्याची सवय मला अजून नाही झाली.

तुम्ही लग्नाहून परत आलात. शिवी दिली नाहीत, समजूतही काढली नाहीत. रात्रभर बसून मोटर पुन्हा भरलीत, मी बाजूला कागद कापत होतो. पहाटे म्हणालात, आता तूच जा, तूच सोड, आणि पाणी नळीतून पडेपर्यंत त्याच्या बांधावर उभा राहा. पैसे घेतले नाहीत. तारेचे मात्र माझ्या पगारातून कापलेत. मला तेव्हा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

आता खाड्याचं. त्याच वर्षी जूनमध्ये मी गुपचूप पुन्हा ती परीक्षा दिली होती. फॉर्म आधीच भरून ठेवलेला. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आबांनाही नाही. जळगावच्या केंद्रावर गेलो, बसने परत आलो आणि तुम्हाला म्हणालो, मामाकडे गेलो होतो. तुम्ही मान हलवलीत. महिन्याअखेरीला पगार घेताना वही पाहिली, तर त्या तारखेपुढे तुमच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'परिक्षा. खाडा.'

एका दिवसाचा पगार कापला होता. बाकी एक शब्द नाही. त्या दिवशी मी दुकानाच्या मागे जाऊन हसलो का रडलो, ते नातवासमोर सांगत नाही.

निकाल लागला तेव्हा तीन दिवस बघितला नाही. बघितला तेव्हा नाव नव्हतं, आणि मी त्यावेळी एका स्टार्टरचं कॉन्टॅक्ट घासत होतो, ते पूर्ण घासून मगच घरी गेलो.

लग्नाचं काय बोलायचं. 'मुलगा काय करतो' याला 'मोटर भरतो' हे उत्तर दिलं की समोरचे चहा लवकर संपवतात. एक स्थळ तर मला 'पाण्याच्या खात्यात' समजून आलं होतं. या बाबतीत तुमच्याकडून काही मदत झाली नाही, त्यामुळे आभार नाहीत.

दर आखाजीला तुम्ही विचारता, "ऱ्हास का जास?" राहतोस की जातोस? पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मला वाईट वाटलं होतं. वाटलं, अजून यांचा विश्वास नाही. आता मी त्या प्रश्नाची वाट बघतो. गावात, घरात, त्या कॉलेजातसुद्धा सगळ्यांनी ठरवून टाकलंय की याची वाट ठरली. एकटे तुम्हीच दर वर्षी दार उघडून दाखवता, आणि मी दर वर्षी आपणहून आत येतो. 'बरोबर केलंस पोरा' असं तुम्ही मला आजवर एकदाही म्हणाला नाहीत. म्हणू नका.

आबा हल्ली दुकानावरून जाताना ट्रॅक्टर हळू करतात. थांबत नाहीत. परवा मात्र शेजारच्या गावातल्या एकाला म्हणाले म्हणे, "मोटर जळनी का? मना पोऱ्याकडे ने." ज्याने हे सांगितलं तो माणूस थापाड्या आहे, तरी मी त्याला चहा पाजला.

आता दोन कामाच्या गोष्टी. वार्निशचा डबा संपत आलाय, सोमवारी मागवतो. आणि जुनी लाल वही पानं सुटायला लागलीत म्हणून तुम्ही नवी करायला सांगितलं होतंत. त्यातले जुन्या मोटरींचे वेढे, गेज, सगळं नव्या वहीत उतरवून काढतो. हजेरीची पानं मात्र फाडू नका. जून २०२३ चं तर नाहीच. ते कापलेले पैसे मला परत नको आहेत.

तुमचा,
कलेक्टर