देवबागच्या खाडीतल्या त्या दोघांचे आभार

शनिवारी संध्याकाळी कर्ली खाडीच्या मुखाशी, सुकती (ओहोटी) लागल्यावर, कांदळवनाच्या कडेने पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं नकली आमिष, फेकत होतो. पॉपरचं तोंड खोलगट, त्यामुळे झटका दिला की पाण्यावर 'भुळुक' आवाज होतो आणि माशाला वाटतं, कुणीतरी पोहतंय. सातव्या-आठव्या फेकीला तांबोशीने झडप घातली. किलोभराची असेल.

आनंदाच्या भरात ती हातात धरली, तिने शेपटी झाडली आणि पॉपरची मोकळी तिहेरी गरी माझ्या अंगठ्याच्या मुळात रुतली. एका टोकाला मासा, दुसऱ्याला मी! (गरीचा उलटा काटा आधीच दाबून टाकायला हवा होता, हे मला ठाऊक होतं.)

तेवढ्यात जाळी टाकायला निघालेली तुमची होडी वळली. "वायच थांबा, हात हलवू नकात." एकाने आधी मासा सोडवला. दुसऱ्याने गरी पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, पक्कडीने काटा तोडला आणि गरी आली तशी मागे घेतली. मी ओरडलो, तुम्ही हसलात.

पैसे घेतले नाहीत, नावंही सांगितली नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच रात्री घेतलं. तांबोशी तुमच्याच होडीत राहिली, ते बरं झालं.