तात्यांचा दहावा आणि नागपूरची लक्षवेधी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही बोललो असतो, पण माझ्या फोनवर दर पाच मिनिटांनी कुणाची तरी विजेची डीपी जळालेली असते, आणि हे तुला सलग सांगायचंय. घरी सगळे बरे. आईचा गुडघा तसाच. माझी शुगर आटोक्यात आहे.

भाऊने आपल्या आमदार साहेबांशी बोलणं टाकलंय. त्यांचा पीए म्हणून माझ्याशीही. तात्यांच्या मातीला साहेब शेवटपर्यंत थांबले होते ते तू पाहिलंस, खांदाही दिला. पण दहाव्याला आले नाहीत, आणि त्यावरून आख्ख्या वाडीत एकच चर्चा. दहाव्याला तू नव्हतास म्हणून तुला माहीत नाही. भाऊ चारचौघांत म्हणाला, “बापाच्या पिंडाला ज्याला वेळ नाही, त्याने मतं मागायला आमच्या दारात यायचं नाही.” विरोधी गटाचे सगळे तिथे हजर होते, पहिल्या रांगेत. त्यांना काय, आयतंच मिळालं.

आता साहेब का आले नाहीत ते ऐक, कारण ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळणार नाही.

तात्यांच्या सुनेची, धाकट्या वहिनींची ती रात्र आठव. ग्रामीण रुग्णालयातून “इथे सोय नाही, सिव्हिलला न्या” म्हणून चिठ्ठी दिली, अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली, आणि तू रजेवर आलेला म्हणून तुझी गाडी काढली. घाटातल्या दुसऱ्या वळणावर, तुझ्या मागच्या सीटवर, मोबाईलच्या उजेडात पोर जन्माला आलं. आक्कांनी साडीचा पदर फाडून त्याला गुंडाळलं. तू नंतर आठवडाभर नीट जेवला नव्हतास, हे तुझ्याकडच्या वहिनींनी मला सांगितलंय.

त्यावरच मी साहेबांच्या नावे तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहून दिला होता. स्त्रीरोगतज्ज्ञ नसल्याने बाळंतिणींना रात्री-अपरात्री जिल्ह्याला पाठवलं जातं हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. क्रम ठरवायच्या सोडतीत, बॅलटमध्ये, नंबर इतका खाली लागला की तासाभरात प्रश्न पुकारलाच गेला नाही. छापील उत्तर तेवढं आलं. “(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.”

तो कागद मी तात्यांना नेऊन दाखवला. तुला माहीतच आहे, चष्मा लावणार नाहीत पण वाचणार स्वतःच. ओट्यावर बसून कागद हातभर लांब धरला, ओठ हलवत दोनदा वाचला, आणि पाळण्यातल्या नातवाकडे बघून मला म्हणाले, “मग हे कुठनं आलं म्हणावं?” कागद घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला तो परत दिला नाही.

मग मी आतली गोष्ट शोधून काढली. पद कागदावर भरलेलं आहे रे. डॉक्टरबाईंचा पगार आपल्या रुग्णालयाच्या खात्यातून निघतो आणि त्या काम करतात जिल्ह्याला, प्रतिनियुक्तीवर. भूलतज्ज्ञ तर कधीच नव्हता, मग सिझेरियन करणार कोण? रुग्णालयाच्या रेफर रजिस्टरात पानंच्या पानं बाळंतिणींचीच नावं. हे सगळं घालून नियम १०५ खाली लक्षवेधी दिली, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करायला लावणारी सूचना. अशा लक्षवेधींचे ढीग पडतात, अध्यक्षांनी मान्य करून ती कामकाजात यावी लागते. ती आली, आणि आली तीही नेमकी दहाव्याच्या दिवशी. यादी हाती पडली तेव्हा रात्र झाली होती. नागपूरहून आपल्याकडे यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, दोन्ही जमणं शक्यच नव्हतं.

आमदार निवासात साहेब खाटेवर बसून होते. गाडी खाली चालू करून ठेवलेली. मला विचारलं, “काय करू?” मी म्हणालो, थांबा. सदस्य जागेवर नसेल तर लक्षवेधी पुढे ढकलली जाते किंवा गळते, आणि अधिवेशनाचे दिवस किती उरलेत हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली. मी आजही म्हणतो, त्यांनी बरोबर केलं.

सकाळी मी गॅलरीत होतो. मंत्र्यांचं निवेदन आधीच वाटलेलं, त्यात पुन्हा तेच, पद भरलेले आहे. साहेब उठले. आपल्या साहेबांना भाषण येत नाही, तू त्यांच्या भाषणाची नक्कल करायचास तेव्हा तात्यासुद्धा हसायचे. पण त्या दिवशी एकही अलंकारिक शब्द न वापरता त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: पगार कुठून निघतो, हजेरी कुठे लागते, आणि घाटात जन्मलेल्या पोराच्या जन्मदाखल्यावर ठिकाण काय लिहायचं. सभागृहात गलका होता तो थांबला. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे, त्यातले विरोधी पक्षातलेही, “आमच्याकडेही हेच आहे” म्हणून उठले. मंत्र्यांनी प्रतिनियुक्ती रद्द करू आणि भूलतज्ज्ञ मानधनावर देऊ असं आश्वासन दिलं. सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदलं जातं, ते पाळलं नाही तर आश्वासन समितीपुढे खात्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तर तिथे उभं राहायचं असतं!

आणि त्याच वेळी गावात काय, तर “आमदार आला नाही.”

दत्ता, माझी सगळी काळजी इथे आहे. माझ्या वहीत लग्नसराईतला एक दिवस उघडलास तर लग्नं, वास्तुशांती, जावळ, साखरपुडा, दोन गावचे सप्ते. मध्येच निराधारची प्रकरणं, घरकुलाचे हप्ते, मुख्यमंत्री सहायता निधीचे अर्ज. लोकांच्या सुखदुःखाला जायलाच हवं, त्याशिवाय त्या बाळंतिणींची गोष्ट आपल्याला कळली असती का? पण मोजमाप तेवढंच व्हायला लागलंय. वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी आहे. त्यातून सभामंडप होतो, हायमास्ट होतो, अँब्युलन्ससुद्धा घेता येते. डॉक्टर आणता येत नाही. डॉक्टर आणायचा तर सभागृहात बसून सरकारशी भांडावं लागतं, आणि त्या दिवशी आमदार मांडवात नसतो.

तू लगेच आमदार गणपतराव देशमुखांचं उदाहरण काढशील. बॅगा उचलणारा म्हणून तू मला बोलला होतास त्या रात्रीही हाच वाद घातला होतास: सांगोल्याचा माणूस अकरा वेळा निवडून आला, दोनदा मंत्री झाला आणि एसटीने फिरला, तुमचे साहेब स्कॉर्पिओशिवाय हलत नाहीत. मान्य. पण त्या सांगोल्याने १९७२ला त्यांना पाडलंच ना? १९९५ला पुन्हा पाडलं. १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परत आले, १९९९ला परत आले, आणि २०१९ला थांबले ते स्वतःहून. म्हणजे लोक रागावतात आणि समजूनही घेतात, त्यांना वेळेवर सगळं कळलं पाहिजे. तुझं ते “बॅगा उचलणारा” मात्र मी अजून मागे घेऊ दिलेलं नाही, लक्षात ठेव.

साहेब परत आल्या आल्या तात्यांच्या घरी गेले होते. भाऊ शेतात निघून गेला. वहिनींनी पाणी दिलं, नातू साहेबांच्या मांडीवर बसला, पण कुणी विषय काढला नाही. साहेबांनीही नागपूरचं एक अक्षर सांगितलं नाही. गाडीत म्हणाले, दुखवट्याच्या घरात स्वतःचं काम कसं सांगायचं? हे मला पटलं नाही, आणि पटलंही.

भाऊ ऐकेल तर तुझंच. त्या रात्री त्याचा हात तुझ्या खांद्यावर होता. मी सांगायला गेलो तर पीए बोलतोय असंच होणार. सभागृहातल्या कामकाजाची प्रत सोबत पाठवतोय, साहेबांचे प्रश्न आणि मंत्र्यांचं उत्तर, शब्दन् शब्द. ती त्याला तू वाचून दाखव. समजूत काढू नकोस, मतांचं तर बोलूच नकोस. फक्त वाच. प्रतिनियुक्ती रद्दचा आदेश निघालाय, बाई अजून रुजू झालेल्या नाहीत, त्यासाठी मी रोज उपसंचालकांकडे फोन लावतोय. भाऊने गावातल्या चार बायका घेऊन रुग्णालयाच्या दारात नुसतं उभं राहायचं ठरवलं तर माझ्या दहा फोनांचं काम होईल. तात्या असते तर पहिले तेच गेले असते.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमणीची दहावी आहे ना यंदा, तिला गणिताचा ताण घेऊ देऊ नकोस. फ्लॅटचा हप्ता सुरू झाला का? वहिनींना नमस्कार.

महाशिवरात्रीला येणार असशील तर एक दिवस आधी ये, दोघं मिळून भाऊच्या मळ्यात जाऊ.

तुझा,
बाळ्या

ता.क. बांधाच्या मोजणीचं चलन तू भरलंस म्हणालास, पण भूमी अभिलेखात नोंद दिसत नाही. पावतीचा फोटो आजच पाठव, तारीख मिळवून देतो.